एक नंबर प्लॅटफॉर्म ते वागळे इस्टेट : आमची वाटचाल

१५व्या वर्षी घर सुटलं आणि पुढची तीन वर्षं ठाणे स्टेशनवर गेली. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, याचा मला आजही अभिमान आहे. शेवटची लोकल गेली की पुठ्ठा अंथरून मी तिथेच पाठ टेकायचो.

जांभळी नाक्याजवळ लग्नाचं शूटिंग घेणारे एक काका होते. त्यांनी मला लाइट धरायला ठेवलं, रात्री दुकानात झोपू दिलं आणि वर्षभरानं सोनी पीडी-१७० व्हिडिओ कॅमेरा हातात दिला. ६० मिनिटांची टेप त्याच्या डीव्हीकॅम या रेकॉर्डिंग पद्धतीत ४०च मिनिटं चालायची, त्यामुळे बटण दाबण्याआधी नीट बघायची सवय लागली. नव्यांनी ती लावून घ्यावी. मेमरी कार्डं स्वस्त झाली म्हणून कॅमेरा सुरूच ठेवू नये.

पुढे भागीदारीत वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्यानं घेतला. कामं येत होती. मग स्टेशनवरच्या मुलांवर फिल्म करायला घेतली. दोन वर्षं शूट केलं. एका मुलाला शब्द दिला होता, तुझा चेहरा दिसणार नाही. एका सकाळी कपाट उघडलं तर फुटेजच्या दोन्ही हार्ड डिस्क गायब! भागीदारानं परस्पर फिल्म पूर्ण केली, दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं. माझं नाव आभारात, तेही चुकीचं. ते मी गिळलं असतं. पण त्यानं त्या मुलाचा चेहरा उघडा ठेवला. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशी ओळख दाखवायला मनाई आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. मुलाचं टपरीवरचं काम सुटलं. हे मी विसरलेलो नाही.

गाळ्याचं भाडं चार महिने थकलं. ज्यांच्या शाळेचं स्नेहसंमेलन मी दरवर्षी गडकरी रंगायतनला शूट करायचो, त्या बाई जिना चढून आल्या आणि पुढच्या तीन संमेलनांचे पैसे टेबलावर ठेवले. "पावती सावकाश दे," एवढंच म्हणाल्या.

आता दर शनिवारी डोक्यावर छप्पर नसलेली सहा मुलं शूटिंग शिकायला येतात. पहिले दोन महिने फक्त आवाज. हेडफोन लावून स्टेशनच्या पुलावर उभं राहायचं आणि गर्दीतून एकाच माणसाचं बोलणं पकडायचं. आणि भागीदारी करणाऱ्यांनो, करार स्टॅम्प पेपरवर करा, फुटेजची तिसरी कॉपी दुसऱ्या घरी ठेवा.

चेहरा उघडा पडलेला तो मुलगा आता आमच्याकडे बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, धरतो. कॅमेऱ्यासमोर अजून येत नाही. मीही कधी विचारलेलं नाही.