रश्श्यातले खोबरे काढले, येसर घातले: तीन महिन्यांची नोंद

चौघांच्या घरात बुधवारी आणि रविवारी रात्री चिकन करायचे, मात्र रश्श्यातले तेल आणि महिन्याचा खर्च दोन्ही खाली आणायचे, असे ठरवून परभणीतल्या माझ्या स्वयंपाकघरात हा प्रयोग सुरू केला. आमच्याकडच्या रश्श्याला काळा मसाला, भाजलेला कांदा आणि सढळ हाताने सुके खोबरे लागते, आणि वर लाल तर्री आली नाही तर पाहुणा ताटाकडे संशयाने पाहतो. वजनकाट्यावर मोजून पाहिले तेव्हा पाऊण किलो चिकनला मी 80 ग्रॅम तेल घालत होतो, म्हणजे सुमारे 720 कॅलरी नुसत्या फोडणीच्या. खोबऱ्याची चरबी त्यावर वेगळी.

पहिल्या दोन आठवड्यांत केवळ तेल 25 ग्रॅमवर आणले, आणि ते फसले. वाटण कढईला धरले, काळा मसाला करपला आणि रस्सा कडवट झाला. घाण्याचे करडईचे तेल मोठ्या आचेवर लवकर धुरावते, याचाही अनुभव त्याच दिवशी आला. आता वाटण मंद आचेवर परततो, खाली लागू लागले की दोन चमचे गरम पाणी शिंपडतो, आणि काळा मसाला चिकनला पाणी सुटल्यावरच घालतो.

खोबऱ्याने अधिक छळले, कारण रश्श्याला अंगही त्यानेच येते. ते निम्मे केले तर पाणी एकीकडे आणि फोडी एकीकडे अशी अवस्था झाली, तर बेसन लावून पाहिल्यावर पिठल्याचा वास आला. अखेर डब्यातले येसर आठवले. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे आणि खडा मसाला खमंग भाजून दळलेले हे पीठ आपण आमटीला लावतो. धान्य आधीच भाजलेले असल्याने त्याला कच्चट वास राहत नाही आणि रस्सा दाट होतो. आई म्हणाली, "अरे, ही तर कोंबडीची आमटी झाली!" तरी तिने भाकरी कुस्करून दोनदा रस्सा घेतला.

पहिल्यांदा मी येसर थेट उकळत्या रश्श्यात टाकले होते, तेव्हा वरून शिजलेल्या आणि आतून कोरड्या पिठाच्या गुठळ्या दाताखाली आल्या. आता दोन चमचे येसर अर्ध्या वाटी गार पाण्यात बोटांनी कालवतो, बोटाला एकही कण लागेनासा झाला की ते बारीक धारेने रश्श्यात सोडतो आणि तळापासून ढवळत राहतो. पाच-सात मिनिटांत रस्सा पळीच्या पाठीला धरू लागतो. थंड झाल्यावर तो आणखी आळतो, म्हणून उतरवताना थोडा पातळच ठेवावा.

खर्चाचे म्हणाल, तर नुसत्या बोनलेसच्या नादी लागू नये. मी अख्खी कोंबडी घेऊन कातडे काढून घेतो, कारण कोंबडीची बरीचशी चरबी कातड्यात आणि त्याच्या खालीच असते. पाठ, मान आणि पंखांची टोके हळद, मीठ व आल्यासोबत उकळली की बुधवारच्या अळणीची, म्हणजे बिनतिखटाच्या पातळ रश्श्याची, सोय होते. तंगडी, मांडी रविवारी रश्श्यात पडते आणि छातीच्या फोडी अगदी शेवटी, कारण कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्यांचा दोरखंड होतो. कलेजी वाया घालवू नये. तिच्यात लोह भरपूर असते आणि कांद्यावर परतली की दुसऱ्या दिवशीच्या डब्याचे भागते.

सध्याचा हिशेब असा: पाऊण किलो चिकन, 25 ग्रॅम तेल, खोबऱ्याचा एक लहान तुकडा केवळ वासापुरता, दोन चमचे येसर. तर्री मात्र अजून नावालाच येते. पुढच्या रविवारी तिखट थोड्या कोमट तेलात भिजवून शेवटी वरून सोडून पाहणार आहे, त्याच 25 ग्रॅममधले एक चमचा तेल बाजूला ठेवून.