तुम्ही विचारलंत म्हणून : अमेरिकेला हे परवडतं का?

"अमेरिका श्रीमंत आहे हे मान्य, पण युक्रेनला इतकी शस्त्रं देणं परवडतं का हो तिला?" हा प्रश्न विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं असतं आणि निम्म्यांना 'हो'. 'कशात मोजताय त्यावर आहे' असं म्हटलं की दोन्ही बाजू नाराज. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. युद्ध का झालं, चूक कुणाची, यात इथे शिरत नाही, त्यावर तुमची मतं पक्की आहेत आणि माझीही.

तोंडावर फेकला जाणारा आकडा असतो १७५ अब्ज डॉलर. २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात अमेरिकी काँग्रेसने पाच वेळा, आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पुरवणी मागण्या मंजूर करून, साधारण इतकी तरतूद केली. पण त्यात युक्रेन सरकारचे पगार आणि पेन्शन भागवण्याची मदत आहे, निर्वासितांचा खर्च आहे, युरोपात वाढवलेल्या अमेरिकी फौजेचा खर्चही आहे. निव्वळ लष्करी मदत जानेवारी २०२५ पर्यंत ६६ अब्जांच्या आसपास. त्या सुमारे तीन वर्षांत अमेरिकेचा स्वतःचा संरक्षण खर्च दर वर्षी ८०० अब्जांच्या वर होता. भागाकार करा, पावणेतीन टक्क्यांच्या आत येतो. पैशापुरतं विचारत असाल तर परवडतं. इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विमानात भरलेल्या नोटा असतात. शस्त्रांच्या मदतीत नोटा जात नाहीत. ती तीन वाटांनी जाते. पहिली वाट म्हणजे स्वतःच्या भांडारातून उचलून देणं. १९६१ च्या परदेशी मदत कायद्यातल्या कलम ५०६ मुळे राष्ट्राध्यक्षांना हे करता येतं. एरवी त्याची मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलर. ती २०२२ साठी ११ अब्ज आणि २०२३ साठी साडेचौदा अब्ज केली गेली. या वाटेने ५५ हप्त्यांत सुमारे ३१.७ अब्जांचं सामान गेलं, कधी कधी मंजुरीनंतर काही दिवसांतच. दुसरी वाट म्हणजे युक्रेनसाठी कंपन्यांना नव्याने ऑर्डर देणं. सामान हाती यायला महिने लागतात, कधी वर्षं. तिसरी, 'हे अनुदान घ्या आणि आमच्याकडूनच खरेदी करा'. इस्रायलला वर्षाला ३.३ अब्ज आणि इजिप्तला १.३ अब्ज मुख्यतः याच वाटेने मिळतात.

म्हणजे पैसा फिरून अमेरिकेतच खर्च होतो. हा मुद्दा मी बरीच वर्षं हिरिरीने मांडला. आता तितक्या जोरात मांडत नाही. पैसा घरातच फिरला म्हणून खर्च झालाच नाही, असं होत नाही. तोच पैसा पुलांवर घातला असता तरी गवंड्यांना आणि वेल्डरांना रोजगार मिळालाच असता. शिवाय तो कर्जाऊ आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचं व्याजाचं बिल ८८० अब्जांच्या घरात गेलं, संरक्षणावरच्या खर्चालाही त्याने मागे टाकलं. ६६ अब्जांनी कुणी बुडत नाही हे खरं, पण 'फुकटात झालं' म्हणणाऱ्यांत मी आता नाही.

एके काळी होते. २०२२ चं माझं म्हणणं असं : जे जातंय ती अडगळ आहे. एम-११३ सारख्या चिलखती गाड्यांची रचना १९६० च्या सुमाराची, नाहीतर त्या मोडीतच निघायच्या. क्लस्टर गोळ्यांचंही तेच. २०२३ च्या जुलैत १५५ मिलिमीटरचे साधे गोळे कमी पडू लागले, तेव्हा हे दिले गेले. एका गोळ्यात प्रकाराप्रमाणे ७२ किंवा ८८ छोटे बाँब. ते नष्ट करायलाही पैसे पडतातच, मग देऊन टाकणंच स्वस्त. हिशेब बरोबर होता. फक्त न फुटलेले बाँब ज्याच्या शेतात राहतात, त्याच्या वहीत तो खर्च लागतो, आणि ती वही मी उघडलीच नव्हती.

त्यात पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, माझ्या हातात आयतं कोलीत दिलं. भांडारातून गेलेल्या वस्तूची किंमत लावायची कशी, हा कंटाळवाणा प्रश्न आहे, पण सगळं त्यावरच अडतं. तुम्ही वीस वर्षं वापरलेला फ्रिज भावाला दिलात. त्याची किंमत वहीत घसारा वजा करून उरलेली धरायची, की आज नवा आणायला पडेल ती? नियम असा की बदली वस्तू घ्यायची नसेल तर घसारा वजा जाता उरलेली पुस्तकी किंमत. काही खात्यांनी सरसकट नव्याची किंमत लावली होती. मे २०२३ मध्ये चूक ३ अब्जांची असल्याचं सांगितलं गेलं, २० जूनला आकडा ६.२ अब्जांवर गेला. २.६ अब्ज एका आर्थिक वर्षातले, ३.६ अब्ज पुढच्या. (पुढच्या जुलैत लेखापरीक्षकांनी आणखी २ अब्ज शोधून काढले.) एकही रायफल न हलता ६.२ अब्जांची मर्यादा मोकळी झाली. मी तेव्हा म्हणत होते : बघा, तुमचा आकडाच फुगवलेला होता.

पुढच्या हिवाळ्यात या वाक्याचं काय झालं, ते जरा लांबण लावून सांगणार आहे.

३० सप्टेंबर २०२३ ला काँग्रेसने सरकार बंद पडू नये म्हणून तात्पुरता खर्च कायदा केला. त्यात युक्रेनसाठी नवा पैसा नव्हता. डिसेंबर आला तेव्हा कागदावर चार अब्जांहून जास्त डॉलरचं सामान देण्याची मर्यादा शिल्लक होती, मुख्यतः त्या हिशेबाच्या चुकीच्या कृपेने. नव्हता तो दिलेल्याच्या जागी नवं घेण्याचा निधी. ज्यांनी आपल्याकडच्या सरकारी कामांत चपला झिजवल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल : प्रशासकीय मान्यता आहे, फाइलवर सही आहे, निधी नाही. २७ डिसेंबरला २५ कोटी डॉलरचा शेवटचा हप्ता गेला आणि नळ बंद झाला. पुस्तकी किमतीने मर्यादा वाढते, पण रिकामी झालेली फळी आजच्याच भावाने भरावी लागते. स्टिंगर घ्या, खांद्यावरून डागायचं विमानविरोधी क्षेपणास्त्र. मे २०२२ मध्ये १,३०० नगांची ऑर्डर ६२.४ कोटी डॉलरना गेली, म्हणजे नगाला जवळपास ४.८ लाख. त्यातले काही सुटे भाग आता कुणी बनवतच नाही, ते नव्याने रचावे लागले. दिलेल्या स्टिंगरची वहीतली किंमत काहीही असो, बदली याच भावाने मिळणार होती.

मार्च २०२४ पर्यंत दिलेल्या आणि अजून न भरलेल्या सामानाची तूट १० अब्जांच्या आसपास पोचली. १२ मार्चला ३० कोटींचा एक हप्ता कसाबसा निघाला, तो कुठून तर खरेदीत वाचलेल्या पैशांतून. २५ मिलिमीटरच्या काडतुसाला १३० डॉलर धरले होते, ऑर्डरी एकत्र केल्यावर ९३ ला मिळालं, अशी ती बचत. महिनाअखेरीला डब्यांच्या तळाशी ठेवलेली चिल्लर गोळा करावी तसं. युरोपातल्या अमेरिकी लष्कराने युक्रेनी सैनिकांचं प्रशिक्षण आणि वाहतूक स्वतःच्या सरावाच्या पैशांतून चालवली, ४० कोटींहून जास्त त्यात गेले.

मधल्या काळात १७ फेब्रुवारीला पूर्व युक्रेनमधलं अव्दीव्का शहर रशियाच्या हाती पडलं. ११ एप्रिलला कीव्हजवळचं त्रिपिल्या औष्णिक वीज केंद्र उद्ध्वस्त झालं. अकरा क्षेपणास्त्रं आली, पहिली सात पाडली, उरलेल्या चारांसाठी हातात काही उरलं नव्हतं, असं झेलेन्स्कींनीच नंतर सांगितलं. २० एप्रिलला प्रतिनिधिगृहात ३११ विरुद्ध ११२ मतांनी विधेयक मंजूर झालं, २४ ला सही झाली, सुमारे ६१ अब्ज. त्याच दिवशी १ अब्जाचा हप्ता जाहीर झाला.

आता मला सांगा, त्या जवळपास चार महिन्यांत अमेरिकेचं काय वाचलं? बिल शेवटी भरलंच. तरीही एक कबुली द्यायला हवी, कारण माझ्या बाजूचे लोक ती देत नाहीत. अव्दीव्का फक्त वॉशिंग्टनमुळे पडलं नाही. रशियाचे दुरून सोडलेले, पंखांवर तरंगत येणारे जड बाँब होते, युक्रेनला माणसं कमी पडत होती, मागच्या तटबंद्या उशिरा खोदल्या गेल्या. एका मतदानावर सगळं ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

पण मुळात नळ चालू असता तरी त्यातून येणार किती होतं? माझ्या मते परवडण्याची खरी मर्यादा तिथे आहे. युद्धाआधी अमेरिका १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास बनवत होती. ऑक्टोबर २०२५ पर्यंत १ लाखाचं लक्ष्य ठेवलं, अब्जावधी डॉलर ओतले. २०२५ च्या मध्यावर गाडी ४० हजारांच्या आसपास होती.

का? कारण गोळा म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे. पेनसिल्वेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यात पोलादी दांड्याचे तुकडे सुमारे अकराशे अंश सेल्सियसला लाल करतात, प्रेसखाली टप्प्याटप्प्याने दाबून पोकळ करतात, मग लेथ, टोक वळवणं, उष्णतेची प्रक्रिया, तोफेच्या नळीतल्या आट्यांत घट्ट बसणारा तांब्याच्या मिश्रधातूचा पट्टा. भरणी आयोवात. एका एम-७९५ गोळ्यात सुमारे पावणेअकरा किलो स्फोटक, तेही वितळवून ओतायचं आणि हळूहळू थंड करायचं. घाई केली की आत पोकळी राहते, आणि तोफ उडताना बसणाऱ्या धक्क्याने अशी पोकळी दबली तर गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणी. अंबाझरी, भद्रावती किंवा भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत ज्यांच्या घरचं कुणी आहे, त्यांना 'पाळी वाढवा, उत्पादन वाढेल' या सल्ल्यावर हसू येईल. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्यात झालेला स्फोट त्यांना माहीत आहे.

कवच झालं, तर आत भरायचं स्फोटक, टीएनटी, कुठून आणणार? अमेरिकेने ते घरी बनवणं १९८० च्या दशकातच बंद केलं, मोठा भरवसा पोलंडवर. केंटकीत नवा कारखाना उभारण्याचं ४३.५ कोटींचं कंत्राट निघालं नोव्हेंबर २०२४ मध्ये. युद्धाला तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती आणि तिथे अजून पाया खणायचा होता. पैसा एका सहीने येतो. टीएनटीचा कारखाना तसा येत नाही.

'म्हणजे परवडत नाही', असं कुणी लगेच म्हणेल. थांबा. ही टंचाई मदतीने निर्माण केली की फक्त उघडी पाडली? मदत दिली नसती तर चौदा हजारांवर समाधान मानून अमेरिका बसून राहिली असती, असं मला वाटतं. पण उलट बाजूही मला खोडता येत नाही : आज अमेरिकेची स्वतःची वेळ आली तर दिलेला प्रत्येक पॅट्रियट इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारं क्षेपणास्त्र, तिला आठवणार. नवा एक सुमारे ४० लाख डॉलरचा, आणि २०२४ मध्ये वर्षाला बनत होते पाचशेच्या आसपास. जुलै २०२५ च्या सुरुवातीला पेंटागॉनने साठ्याचं कारण देत काही खेपा अडवल्या आणि काही दिवसांत पुन्हा सोडल्या. दोन्ही निर्णय एकाच भांडाराकडे बघून झाले.

आता बराचसा पैसा युरोप भरतो आणि शस्त्रं अमेरिकेची जातात. त्यामुळे 'अमेरिकेला परवडतं का' हा प्रश्न मिटला असं काहीजण मला कळवतात. स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये पाच पॅट्रियट प्रणाल्या मागवल्या होत्या. २०२५ च्या जुलैत त्यांना कळवण्यात आलं की युक्रेनला प्राधान्य दिल्यामुळे तुमच्या उशिरा येतील. स्वित्झर्लंडकडे पैसे नाहीत असं कुणीच म्हणणार नाही.