पडद्यावरचं गुरुत्व: नोंदवहीत एक नवा रकाना

टीव्हीवरच्या विज्ञानकथा मालिकांत परग्रहावरच्या दृश्यात काहीही खाली पडलं, की मी चित्र थांबवून फ्रेम, म्हणजे चित्रणातली एकेक स्थिर चित्रं, मोजते आणि निकाल नोंदवहीत गुणांसह लिहिते. या छंदाचा पाया एवढाच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू पृथ्वीवर साधारण ११ फ्रेममध्ये जमिनीला टेकते, मंगळावर १७-१८ आणि चंद्रावर २७. उंचीचा अंदाज शेजारी उभ्या माणसावरून बांधायचा, वेळ फ्रेमवरून काढायचा, की त्या जगाचं गुरुत्व हाती येतं. मात्र सूत्रात (उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग) वेळेचा वर्ग असतो, त्यामुळे ११ फ्रेममध्ये एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी उत्तर १८ टक्क्यांनी हलतं. म्हणून टेबलावरून पडलेले पेले मी आता मोजत नाही. मोठी उडी, लांब फेकलेली वस्तू, कड्यावरून सुटलेला दगड एवढंच घेते, आणि तेही कॅमेरा स्थिर असेल तर.

पट्टी बरोबर आहे ना, हे तपासायला अपोलोची चित्रणं आहेत. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंगने चंद्रावर ध्वजाला सलाम ठोकत उडी मारली. सुमारे ४२ सेंटीमीटर उंची आणि जवळपास १.४५ सेकंद अधांतरी. या दोन आकड्यांतून चंद्राचं गुरुत्व १.६ मीटर प्रतिसेकंदवर्ग असं नेमकं निघतं. कुठलीही नवी मालिका हाती घेण्याआधी मी ही उडी एकदा मोजून घेते.

आता निकाल. नोंदवहीतल्या बहुतेक परग्रहांवर वस्तू पृथ्वीच्याच वेगाने पडतात, आणि चित्रीकरण पृथ्वीवर होतं म्हटल्यावर त्यात नवल नाही. पण यासाठी गुण कापणं मी बंद केलं आहे, आणि त्याला भौतिक कारण आहे. पृष्ठभागावरचं गुरुत्व वस्तुमानाबरोबर वाढतं, पण त्रिज्येच्या वर्गाने कमीही होतं. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, तरी त्याच्या ढगांच्या माथ्यावरचं गुरुत्व आपल्यापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी जास्त. युरेनसवर तर ते आपल्याहून कमी. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांचं, जे २०१७ मध्ये जाहीर झाले, मोजमापांवरून गुरुत्व काढलं तर सगळे पृथ्वीच्या साधारण ०.५७ ते १.१ पट या पट्ट्यात बसतात. म्हणजे एखाद्या काल्पनिक खडकाळ ग्रहावर माणसं सहज चालताना दिसली, तर ते अशक्य मुळीच नाही. चंद्र, मंगळ किंवा सेरेस (लघुग्रहांच्या पट्ट्यातला बटुग्रह) असं नाव घेतलं असेल, तर मात्र मी सवलत देत नाही.

चंद्रासाठी टीव्हीने सर्वांत जास्त वापरलेली युक्ती म्हणजे स्लो मोशन. ‘स्पेस: १९९९’ मध्ये चंद्रावरच्या तळाबाहेरच्या चालीला हीच लावली होती. तिचं गणित सुंदर आहे. वेग किती कमी करायचा, हे दोन गुरुत्वांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं. चंद्रासाठी २.४६ पट, म्हणजे सेकंदाला ५९ फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवायचं. मंगळासाठी १.६३ पट, सुमारे ३९ फ्रेम. पडणारी वस्तू यात अगदी बरोबर दिसते. बिघडतो तो माणूस. खऱ्या चंद्रवीरांचे हात नेहमीच्या चपळाईने हलतात, बोटं झटकन स्विच दाबतात, फक्त धड सावकाश खाली येतं. स्लो मोशनमध्ये हातही रेंगाळतात. नटाला तारेवर टांगलं तर उलटा प्रश्न येतो. धडाचं वजन कमी होतं, पण लोंबणारा पट्टा, मोकळे केस, बुटाने उडालेली माती यांना तारेचा पत्ताच नसतो. मी पट्ट्यांकडे बघते, तिथे कळतं. मातीकडेही. अपोलो १६ च्या गाडीने उडवलेली धूळ हवा नसल्यामुळे कमान करून सरळ खाली येते, तिचा लोट तरंगत राहत नाही. स्टुडिओतली धूळ तरंगते.

मोजमापाच्या सर्वांत चांगल्या साधनाचा मान माझ्या मते ‘डॉक्टर हू’ला द्यायला हवा. १९७५ च्या ‘द आर्क इन स्पेस’ मध्ये डॉक्टर यो-यो काढून गुरुत्व तपासतो आणि २०१४ च्या ‘किल द मून’ मध्ये चंद्रावर तेच करतो. हे गमतीसाठी असेल असं वाटू शकतं, पण गणित मांडून बघा. न फेकता नुसता सोडलेला यो-यो गुरुत्वाच्या ठरावीक अंशाने खाली येतो, आणि तो अंश त्याच्या बांधणीवर ठरतो, ग्रहावर नाही. तबकडीची त्रिज्या २८ मिलिमीटर आणि आसाची ४ धरली तर तो मुक्त पतनाच्या पंचविसाव्या हिश्श्याने वेग घेतो. एक मीटर उतरायला पृथ्वीवर ५५ फ्रेम! दगडाच्या बाबतीत एका फ्रेमची चूक १८ टक्के होती, इथे ती चारच्या आत येते. तोच यो-यो दोन्ही जगांत सोडा, वेळांच्या गुणोत्तराचा वर्ग करा, झालं. खिशात मावणारं याहून चांगलं उपकरण मला माहीत नाही.

या टप्प्यात सर्वांत जास्त वेळ ‘द एक्स्पान्स’ने घेतला. त्यातला सेरेस आतून पोखरून फिरता ठेवलेला आहे आणि आतल्या लोकांना पृथ्वीच्या सुमारे ०.३ पट वजन जाणवतं. पेल्यात ओतलेली दारू हवेत वाकडी होऊन पडते, तो शॉट आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. मी तो कोरिऑलिसच्या सूत्रात घातला, म्हणजे फिरत्या जागेत पडणारी वस्तू किती बाजूला सरकते ते सांगणाऱ्या सूत्रात. सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किलोमीटर. एवढ्या मोठ्या गोळ्यावर ०.३ पट वजन मिळवायला एक फेरी साधारण ४० मिनिटांची लागेल. इतक्या संथ फिरण्यात ३० सेंटीमीटर ओतलेली धार पाव मिलिमीटरच सरकते, धारेच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला दिसेल असा तीन सेंटीमीटरचा बाक हवा असेल तर त्रिज्या ३० मीटर आणि फेरी २० सेकंदांची लागते. शिवाय सेरेसचं स्वतःचं आकर्षण ०.०३ पटीच्याही खाली आहे, तेव्हा त्या गतीला तो खडक एकसंध राहण्यासाठी बांधून ठेवावा लागेल. एवढं असूनही माझा या शॉटला पूर्ण पाठिंबा आहे. इथलं ‘खाली’ उसनं आहे, हे एका शब्दाविना सांगणारं दुसरं दृश्य मला टीव्हीवर सापडलेलं नाही.

याच मालिकेमुळे नोंदवहीत नवा रकाना आला: ‘वजन कोण सोसतंय?’ पहिल्याच भागात लघुग्रहांच्या पट्ट्यात, कमी गुरुत्वात वाढलेल्या एका माणसाला पृथ्वीवर नुसतं टांगून ठेवलं जातं आणि पृथ्वीचं गुरुत्वच त्याचा छळ करतं. चौथ्या सीझनमध्ये त्याच पट्ट्यात वाढलेली नेओमी इलस ग्रहावर उतरता यावं म्हणून औषधं घेते, पाऊल टाकताना धडपडते, आणि अखेर शरीर साथ देत नाही म्हणून तिला जहाजावर परतावं लागतं. या दृश्यांत वस्तू पृथ्वीच्याच वेगाने पडतात. फ्रेम मोजून काहीच हाती लागत नाही, तरी गुरुत्व प्रत्येक क्षणी जाणवतं.

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’चा १९९३ मधला ‘मेलोरा’ हा भाग यासाठी पुन्हा बघितला. अत्यल्प गुरुत्वाच्या ग्रहावर वाढलेली मेलोरा ही अधिकारी अंतराळस्थानकावर चाकाच्या खुर्चीत बसते आणि स्वतःच्या खोलीत गुरुत्व कमी करून मोकळी तरंगते. अशी व्यक्तिरेखा मालिकेत कायमची ठेवायचा मूळ विचार होता, तो तरंगण्याच्या दृश्यांच्या खर्चामुळे सोडावा लागला. स्थानकाचा डॉक्टर बशीर तिला कायमचा उपाय देऊ करतो, पण तो घेतला तर ती स्वतःच्या घरी पुन्हा सहज वावरू शकणार नाही, म्हणून ती नाकारते. गुरुत्व इथे देखावा नाही, कथेतला निर्णय त्यावर उभा आहे. नव्या रकान्यात सध्या सर्वांत वर हाच भाग आहे.

जड जगांचं पान मात्र जवळपास कोरं आहे. दीडपट गुरुत्व दाखवायचं तर २४ ऐवजी साडेएकोणीस फ्रेमने चित्रित करावं लागेल, आणि मग पडणं बरोबर होईल पण माणसं झटके खात चालतील, कारण स्नायू काही जलद होणार नाहीत. बहुधा म्हणूनच कुणी त्या वाटेला जात नाही.

पुढे चाल मोजायची आहे. चालणं सोडून पळणं कुठल्या वेगाला सुरू होतं, हे गुरुत्वाच्या वर्गमुळावर ठरतं: पृथ्वीवर साधारण दोन मीटर प्रतिसेकंद, मंगळावर १.३ च्या आसपास. म्हणजे मंगळावर घाईत निघालेली व्यक्ती आपल्याला भरभर चालताना दिसते, ती खरं तर उड्या घेत जायला हवी. यासाठी मला बाजूने घेतलेले लांब शॉट हवे आहेत, कॅमेरा स्थिर, पावलं पूर्ण दिसणारी, मध्ये कट नाही. मंगळावरचे असे शॉट कुणाच्या नोंदीत असतील तर मालिका, सीझन, भाग आणि मिनिट कळवा. जास्त गुरुत्वाच्या ग्रहावर काही फेकलेलं दिसलं असेल तर तेही.