‘एपिऊसिओस’ आणि मार्गदर्शकाचा रकाना

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीतल्या ‘रोजची’च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ आहे. बायबलच्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन सांगतो की हा शब्द ना विद्वान वापरत, ना सामान्य लोक; शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. इथवर सगळं घरबसल्या मिळालं.

मग एक टीप दिसली: इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसावर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर, खर्चाच्या यादीत, हाच शब्द. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीच्या उत्खननात सापडलेला, प्राचीन लेखांचा अभ्यासक सेस याने वाचलेला, १८८९ साली छापलेला. तो मजकूर बघायचाच, म्हणून ग्रंथालय गाठलं.

अर्जावर रकाना: ‘मार्गदर्शकाचे नाव’. म्हटलं, मार्गदर्शक नाही, हौस आहे. “मग खातेप्रमुखांचं पत्र आणा.” मी बँकेतून निवृत्त झालेलो, माझ्याकडे फक्त बचत खातं! रकान्यात रेघ मारून दिली, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. साहेबांना भेटा म्हणाले, साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा पुस्तक बाइंडिंगला गेलेलं. बाइंडिंगहून आलं तर नोंद व्हायची होती. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी पत्र दिलं आणि ग्रंथ टेबलावर आला. त्यात यादीची एक ओळ आणि अर्धवट तुटका शब्द. तरी मला भलताच आनंद झाला.

तो टिकला नाही. हरवलेला हा पपायरस १९९८ साली येल विद्यापीठात सापडला आणि पुढच्याच वर्षी नवं वाचन छापून आलं: तिथे ‘एलाइऊ’ आहे, म्हणजे तेल! तेव्हा जुनं वाचन मागण्याआधी त्याची दुरुस्ती झाली आहे का ते बघा.

व्युत्पत्तीचं भांडण वेगळंच. ‘एपि’ (वर) आणि ‘ऊसिया’ (द्रव्य) धरून बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला, लूकमध्ये मात्र ‘रोजची’च ठेवलं. पण ‘ऊसिया’ला जोडताना ‘एपि’तला ‘इ’ सहसा गळतो, इथे तो शाबूत आहे. मला ‘एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस, हेच पटतं; प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये तो शब्द ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणून आलाय. ‘इब्री लोकांचं शुभवर्तमान’ नावाच्या, आता हरवलेल्या ग्रंथात इथे ‘महार’, म्हणजे उद्या, असल्याचं जेरोमनेच नोंदवलंय.

आणि हो, पत्र लेटरहेडवरच घ्या, शिक्क्यासकट. साध्या कागदावरचं घेत नाहीत.