तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कचऱ्यावर घरचा गॅस चालेल का?

ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्यावर मी काम करते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्या घरच्या कचऱ्यावर आमची शेगडी चालेल का? सिलिंडर बंद करता येईल का? सरळच सांगते, सिलिंडर बंद होणार नाही. सकाळचा चहा मात्र होईल.

हिशेब असा. एक किलो कोरडा स्टार्च, म्हणजे अन्नातला पिष्टमय भाग, बंद टाकीत सूक्ष्मजीवांनी पुरता फोडला, तरी कागदावर जेमतेम ३०० ग्रॅम मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, निघतो. १४.२ किलोच्या सिलिंडरची बरोबरी करायला साधारण १३ किलो मिथेन हवा, म्हणजे ४४ किलो स्टार्च. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांश पाणीच असतं, तेव्हा हा झाला दीडशे किलोच्या आसपास भात. चौघांच्या घरातून रोज फार तर किलोभर कचरा निघतो. त्यात देठं, साली, चहाचा चोथा. ८५ टक्के पाणी, आणि उरलेल्यातला काही भाग चिवट लिग्निन, जो टाकीत पचतच नाही. हाती लागतो पंचवीस-तीस ग्रॅम मिथेन. दोन लिटर पाणी उकळतं.

मग शेणावर गॅस कसा चालत आला, असं लगेच विचारतात. शेण खूप लागतं म्हणूनच! चाऱ्यातला सहज पचणारा भाग गाईने आधीच घेतलेला असतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी नेमकं हेच हेरलं आणि शेणाऐवजी पिष्टमय, साखरेचे पदार्थ टाकीत घातले: खराब धान्य, सडकी फळं, पेंड. थोड्या वजनात, दिवसा-दोन दिवसांत गॅस. त्या छोट्या संयंत्राला २००६ साली स्वच्छ ऊर्जेसाठी दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. टाकीत काय घालता यावर सगळं ठरतं, हे मी त्या कामातून शिकले आणि अजून तेच धरून आहे.

पण चांगलं खाद्यही बेताने घालावं लागतं. टाकीत सूक्ष्मजीवांचा एक गट अन्न फोडून आम्ल करतो, दुसरा ते आम्ल खाऊन मिथेन करतो. पहिला चपळ, दुसरा संथ. मंगल कार्यालयात लग्न झालं आणि उरलेला सगळा भात एकाच दिवशी ओतला, की आम्ल साचतं, पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली जातो आणि टाकी आंबते. गॅस येतो, पण जळत नाही, कारण त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. प्रयोगशाळेत आम्ही हेच आम्ल मुद्दाम मध्येच थांबवून काढतो. ते दुसऱ्या जिवाणूंना खाऊ घातलं, तर ते पेशींमध्ये पीएचए नावाचं, मातीत विरणारं प्लास्टिक साठवतात. अजून महाग पडतं. तरी माझा जीव या कामात फार गुंतला आहे.

आणि साखर कारखान्यांचा प्रेसमड! रस शुद्ध करताना खाली बसणारा हा गाळ उसाच्या तीन-चार टक्के निघतो. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात दीड-दोनशे टन. तोही एकाच ठिकाणी, एकाच जातीचा. संयंत्राला याहून चांगलं खाद्य कुठलं? अडचण एवढीच, की गाळप चालतं पाच-सहा महिने आणि संयंत्राला भूक बारा महिने. उघड्यावर ढीग घालून ठेवला तर तो तापतो, आपोआप कुजतो आणि गॅस हवेत जातो. तो सहा महिने कसा टिकवायचा, हा प्रश्न मला नव्या टाकीच्या रचनेपेक्षा मोलाचा वाटतो. सरकारने २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणून या गॅसला गिऱ्हाईक दिलं, ते चांगलंच झालं. पण साठवणीचा प्रश्न गिऱ्हाईक मिळून सुटत नाही.

तर घरासाठी माझं उत्तर: खत करा. बाल्कनीतल्या कुंडीला ते रोज उपयोगी पडेल. तुमच्या कचेरीत कॅन्टीन असेल किंवा मुलांच्या वसतिगृहात मेस असेल, तर मात्र आठवडाभर उरलेलं अन्न रोज वजन करून लिहून ठेवा, प्लास्टिक आणि हाडं वेगळी काढून. रोज ५० किलो निघत असेल, तर चार-पाच दिवसांना एका घरगुती सिलिंडरएवढा गॅस मिळतो, आणि खाली निघणारी स्लरी, म्हणजे पातळ गाळ, खत म्हणून बागेला जाते. तो आकडा घेऊन या, मग टाकी किती मोठी हवी ते बसून ठरवू.