पेटीआधी पट्टी: घरच्या शाळेसाठी ख्रिस्ती पुस्तकं आणि इतिहास

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की बऱ्याच ख्रिस्ती घरांत पहिला मोठा खर्च होतो तो अमेरिकेतून येणाऱ्या अभ्यासाच्या पेटीवर. छत्तीस आठवड्यांचं वेळापत्रक, रोजचे धडे, वह्या, आईबाबांसाठी उत्तरांचं पुस्तक, सगळं तयार. गणित आणि इंग्रजीला ही पेटी चालून जाते. इतिहासाला मात्र ती तोंडावर आपटते. अमेरिकेला गेलेलं १६२० चं जहाज, तिथला १७७६ चा जाहीरनामा, १८६१ चं यादवी युद्ध यांत महिनेच्या महिने जातात आणि भारत एका आठवड्यात उरकतो: ताजमहाल, गांधीजी आणि एखादा मिशनरी. नागपुरात सदरच्या किंवा मेकोसाबागेतल्या मुलाला आपण रविवारी ज्या चर्चमध्ये बसतो ते इथे कसं आलं, हे त्यातून कधीच कळत नाही.

म्हणून आधी पट्टी करा, मग पुस्तकं घ्या. पट्टी म्हणजे भिंतीवरची कालरेषा. ती समोर असली की कुठे काय कमी आहे ते दिसतं, आणि मग खरेदी त्या भोकांपुरतीच होते.

इ.स.पू. २००० पासून आजपर्यंत साधारण चाळीस शतकं. एका शतकाला १० सें.मी. दिले तर चार मीटरपेक्षा जरा जास्त लांबी लागते, आणि हिशोब सोपा होतो, एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान ३५ सें.मी. रुंद असेल तर बारा पानांच्या पाठी जोडून हे काम होतं, जोडाला एकेक सेंटिमीटर सोडूनही. सेलोटेप लावू नका, नागपूरच्या मे महिन्यात ती सुटते आणि कागदावर पिवळा चिकट डाग ठेवून जाते. खळ किंवा फेविकॉल बरा. आणि हो, शून्य नावाचं वर्ष नसतं. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, त्यामुळे इ.स.पू. ५ ते इ.स. ५ हे अंतर दहा नव्हे, नऊ वर्षांचं. मुलं इथे हमखास चुकतात, मोठेही.

गेल्या दोनशे वर्षांची मात्र या पट्टीवर दाटी होते. १८०० पासूनची वेगळी पट्टी करा, वर्षाला एक सेंटिमीटर. सव्वादोन मीटर लागतील.

रंग तीन: बायबलमधल्या घटना काळ्या, भारताच्या निळ्या, मराठी मुलखाच्या हिरव्या. पण रंगापेक्षा महत्त्वाचा नियम शाई आणि पेन्सिलीचा. ज्याला शिलालेख, ताम्रपट, तारीख असलेला कागद असा त्या काळचा पुरावा आहे ते शाईने. जी परंपरा आहे किंवा ज्याच्या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत ते पेन्सिलीने. अब्राहाम पेन्सिलीने. इस्राएल लोकांचं मिसरमधून निर्गमनही, कारण कोणी ते इ.स.पू. पंधराव्या शतकात धरतात, कोणी तेराव्या. इ.स.पू. ५३९, इराणच्या कोरेश राजानं बाबेल (बॅबिलोन) घेतलं, हे शाईने. संत थोमा इ.स. ५२ मध्ये केरळात उतरले ही परंपरा पेन्सिलीने, आणि कोल्लमच्या चर्चला दिलेला इ.स. ८४९ चा ताम्रपट शाईने. पेन्सिल म्हणजे खोटं नव्हे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. नाहीतर आजी थोमाची गोष्ट सांगत असताना नातू तिला मध्येच थांबवतो.

काळी आणि निळी रेघ एकत्र येते ती जागा मुलांना शोधू द्या. एस्तेरच्या पुस्तकाचं पहिलंच वचन: अहश्वेरोशाचं राज्य हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत, १२७ प्रांतांवर. हा राजा म्हणजे इराणचा झर्कसीझ असं साधारण मानतात, कारकीर्द इ.स.पू. ४८६ ते ४६५. त्याच्या साम्राज्याची पूर्वेची कड सिंधूपर्यंत पोचत होती. सहावीच्या प्राचीन भारताच्या धड्याशेजारी हे वचन ठेवलं की बायबल आणि इतिहास हे दोन वेगळे तास राहत नाहीत.

आता पुस्तकं. बायबलबाबत एकच व्यवहारी गोष्ट: पाठांतरासाठी तुमच्या चर्चमध्ये वाचतात तीच आवृत्ती घ्या. घरी सोप्या मराठीतली आणि संडे स्कूलमध्ये जुनी, असं झालं की मूल वचन अर्धं इथलं अर्धं तिथलं म्हणतं आणि भर वर्गात अडकतं. सोपी आवृत्ती मोठ्याने वाचायला ठेवा, पाठ करायला नको. घरात एक बाजू कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट असेल तर ग्रंथसंख्येचा प्रश्न लवकरच येतो, ७३ की ६६. तो टाळू नका. इतिहासाचा फार चांगला धडा त्यात आहे.

इतिहासाचं मुख्य पुस्तक म्हणून बालभारती पुरेशी आहे. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो, पण सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठेशाही, आठवीला आधुनिक भारत, दहावीला इतिहासलेखन असा क्रम फुकटात, मराठीत, पीडीएफमध्ये मिळतो. अभ्यासक्रम इयत्तेइयत्तेनं बदलत चालला आहे, तेव्हा जुनी प्रतही उतरवून ठेवा. परदेशी पुस्तकं पूरक म्हणून आणा: रोम, धर्मसुधारणा, युरोपातलं मध्ययुग. तिथे ती खरोखर सरस असतात. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना पाठ्यपुस्तक नकोच. त्यांना गोष्टी, पट्टी आणि घराण्याची वंशावळ एवढं पुरतं, रोज वीसेक मिनिटं.

ख्रिस्ती इतिहासाचं कोणतंही पुस्तक घेण्याआधी पंधरा मिनिटं चाळा, निदान त्याची अनुक्रमणिका आणि नमुन्याची पानं तरी. शेवटची नामसूची उघडा आणि भारताची पानं मोजा. दहातलं एकही पान भारताचं नसेल तर ते मुख्य पुस्तक होऊ शकत नाही, पूरक म्हणून बघा. मग भारतातला ख्रिस्ती धर्म कुठून सुरू होतो ते पाहा. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले तिथून सुरुवात असेल तर कोल्लमच्या ताम्रपटापासून मोजलं तरी साडेनऊशे वर्षं गायब आहेत. ‘इंग्रजांनी ख्रिस्ती धर्म आणला’ असं वाक्य दिसलं तर पुस्तक ठेवून द्या. कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. कॅरींना १८०० मध्ये बंगालातल्याच श्रीरामपूरला जावं लागलं ते तिथे डेन्मार्कचा अंमल होता म्हणून, आणि कंपनीची दारं उघडली ती १८१३ च्या सनदी कायद्यानं.

पुढची परीक्षा कडू आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, शोधा, १५६० ते १८१२. आपल्या माणसांची चूक सांगायला जे पुस्तक कचरतं, त्यानं सांगितलेल्या चांगल्या गोष्टींवरही पुढे मूल विश्वास ठेवत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते इंटरनेटवर हे वाचणारच आहे, तेव्हा आधी घरात वाचलेलं बरं. गुलामगिरीचंही तेच. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सवर अख्खा धडा आणि बायबलचा आधार घेऊन गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्यांवर एक ओळही नाही, ही पुस्तकं कमी नाहीत. उलट बाजूही तपासा: मिशनरी म्हटला की सरकारचा हस्तक, एवढ्यावर भागवणारं पुस्तकही तेवढंच आळशी.

आणि आता नागपूर. इथे आपल्या हाती जे आहे ते कोणत्याच पेटीत येत नाही.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा झालं १८५४ मध्ये. १८८३ चं कॉलेज त्यांच्या नावाचं आहे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे जाणकार होते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी टाकळीच्या आसपासच्या थरांतून जीवाश्म गोळा केले, आणि हिस्लोपाइट हे खनिज त्यांच्याच नावाचं. गोंडांचं लिंगोगीत त्यांनी टिपून ठेवलं; ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापलं. परदेशी पेट्यांतली विज्ञानाची बरीच पुस्तकं पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरून चालतात. ते मान्य करायचं की नाही हा तुमच्या घरचा निर्णय, पण पुस्तक काय धरून चाललंय ते विकत घेण्याआधी माहीत असू द्या. परीक्षेत सीताबर्डीच्या टेकडीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचाच लिहावा लागतो. आणि पाद्रीसाहेब असूनही हिस्लॉप हातोडी घेऊन दगडांचे थर वाचत हिंडत होते, हे मुलाला जरूर सांगा.

मराठी फळीवर आणखी चार गोष्टी हव्यात. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, १६१६ मध्ये प्रथम छापलेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. सगळं वाचायचं नाही. एका वेळी दहा ओव्या, त्याही चालीवर म्हणायच्या. डोळ्यांनी वाचल्या तर जड जातात, म्हटल्या की अर्थ निम्मा तिथेच उलगडतो. पंडिता रमाबाईंचं लेखन. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानोदयाचे जुने अंक, मिळतील तितके. आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे, बारा वर्षांपुढे. त्यांचे पती ना. वा. टिळक यांना नवा करार भेट मिळाला तो १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, म्हणजे ही गोष्ट आपल्या स्टेशनावरून सुटते. स्मृतिचित्रे घेताना संपूर्ण आवृत्ती आहे की संक्षिप्त ते बघा, दोन्ही बाजारात असतात. घरातली भांडणं, सोवळंओवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, काही लपवलेलं नाही. आधी तुम्ही वाचा.

जुन्या पुस्तकांत शके साल असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली) साल असेल तर ५९०. मराठी वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या घटनांना ७९ धरावे लागतात. शके १८१५ म्हणजे १८९३-९४, नुसतं १८९३ नव्हे.

झेरॉक्स काढण्याआधी हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, रमाबाई १९२२ मध्ये. त्यांच्या हयातीत छापलेल्या प्रती स्कॅन करून स्पायरल मारून घ्यायला हरकत नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र संपादकाच्या असतात, त्या सोडा. परदेशी पीडीएफवर बहुतेक ‘एका कुटुंबापुरती परवानगी’ असते. चार घरांनी वर्गणी काढून एक प्रत घेणं त्यात बसत नाही. ग्रुपवर टाकणं तर नाहीच.

दहावीला एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला, बसवायचं असेल तर वय १४ पूर्ण हवं आणि पाच विषय हवेत. इतिहास तिथे सामाजिक विज्ञानाच्या पोटात येतो, वेगळा नाही. वीस टक्के गुण टीएमएचे, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे, आणि मुलं तिथेच गुण घालवतात, कारण घरची वही सुंदर असते पण प्रश्न मुद्द्यांत लिहायची सवय नसते. तेरावं लागलं की आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहायला द्या.

पुस्तकांनंतर पाय वापरा. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा. त्यानंतर सदरचं ऑल सेंट्स कॅथीड्रल. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली ती नागपुरातच. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. सदरची सीएनआय आणि मेकोसाबागेतली मेथडिस्ट मंडळी आज वेगळी का, हा प्रश्न मुलानं पाळकसाहेबांना स्वतः विचारावा; तयारीसाठी आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीतर उत्तर ‘तसंच आहे’ एवढंच मिळतं. बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही दाखवतील का तेही त्याच वेळी विचारा. फोटो परवानगीशिवाय नको, त्यात लोकांची घरं असतात.

जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात थडगी वाचायची असतील तर सकाळी सात-साडेसातला जा. तिरपं ऊन अक्षरांच्या कडेला सावली धरतं आणि पुसट ओळही उठते. दुपारी बाराला तीच शिळा कोरी दिसते. खडू घासायचा नाही. तो दगडाच्या छिद्रांत बसतो, घासताना अक्षरांची कड झिजते. ऊन पडत नसेल तर आरसा बाजूला धरून उजेड तिरका पाडा. नाव, वय, साल, मृत्यूचं कारण असे चार रकाने आखून द्या. वीस थडगी झाली की लहान मुलांची संख्या मूल स्वतःच मोजू लागतं.

बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळं मात्र हिवाळ्यासाठी ठेवा. हिस्लॉप तीच बघायला गेले होते, १८६३ च्या सप्टेंबरमध्ये. ४ तारखेला परतताना पुराच्या पाण्यात बुडाले.