बेल वाजवणारा आधी की गप्प पडलेला?

वॉर्डात हँडओव्हर झाला, म्हणजे आधीच्या शिफ्टच्या नर्सकडून पेशंटची माहिती घेऊन झाली, की मी औषधांची ट्रॉली काढायच्या आधी सगळ्या बेडजवळून एक चक्कर मारते. नवीन नर्स मुलींना हे पटत नाही, सहाची औषधं सहालाच गेली पाहिजेत असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. बरोबरच आहे ते, पण इन्सुलिन लांबणं आणि व्हिटॅमिनची गोळी लांबणं सारखं आहे का?

आता समजा चार गोष्टी एकदम आल्या. एकजण दुखतंय म्हणून ओरडतोय, एकाचं सलाईन संपलंय, एकाचे नातेवाईक डिस्चार्जच्या कागदांसाठी डोक्यावर उभे, आणि काल पोटाचं ऑपरेशन झालेल्या आजी, सकाळी छान बोलत होत्या त्या आता नुसती चादर चाळवतायत, विचारलं तर भलतंच काहीतरी उत्तर देतात. आजींकडून बेल वगैरे काही येणार नाही. तरी मी आधी तिकडेच जाणार.

वय झालंय, गोंधळल्या असतील, असं म्हणून पुढे जाऊ नका प्लीज. श्वास, नाडी, बीपी वगैरेंना पॉइंट देऊन पेशंट बिघडतोय का ते ओळखायचा ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज (NEWS) स्कोअर 2012 चा, 2017 मध्ये तो सुधारला तेव्हा त्यात नव्याने आलेला गोंधळ घातला आणि त्याला थेट 3 पॉइंट दिले. एकाच गोष्टीला 3 म्हणजे तातडीने बघायला बोलवा. ऑक्सिजन कमी, शुगर कमी, इन्फेक्शन, आत रक्तस्राव, काहीही असू शकतं.

मग श्वास मोजायचा, आणि खरंच मोजायचा, पूर्ण एक मिनिट, नाडी धरल्यासारखं करून, कारण कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. चार्टवर सगळ्यांचा रेट 18 किंवा 20 दिसला की मला शंकाच येते (तुम्हालाही येत असेल, खरं सांगा). त्याच स्कोअरमध्ये 12 ते 20 ला शून्य आणि 25 ला 3, म्हणजे हा आकडा असा अंदाजे टाकायचा नाहीये.

बीपी 118/76 आहे म्हणून निवांत होऊ नका. रक्त जात असलं तरी शरीर नाडी वाढवून बीपी बराच वेळ धरून ठेवतं, म्हणून सकाळी पल्स 84 होती आणि आता 112 आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि पेशंट बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद ठेवणारं औषध) असेल तर पल्सही तेवढी वाढणार नाही, मग लघवी बघा, 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीच्या खाली जायला लागली की सांगायचंच.

पण ओरडणारा नेहमी मागे ठेवायचा असंही नाही हं. पाय मोडून प्लास्टर घातलंय, पेनकिलर देऊनही दुखणं वाढतंच चाललंय, बोटं नुसती ताणली तरी किंचाळतोय, तर कंपार्टमेंट सिंड्रोमची भीती असते, आतल्या प्रेशरने स्नायू मरायला लागतात आणि हातात थोडेच तास असतात. तोही लगेचचाच पेशंट. दोघं एकदम आले तर एकीकडे स्वतः जायचं, दुसरीकडे कुणालातरी पाठवायचं, एकटीनं सगळं ओढायचं नाही.

डॉक्टरांना फोन करताना "आजी बऱ्या वाटत नाहीत" एवढंच सांगितलं तर "बघू राउंडला" हेच ऐकायला मिळतं. सकाळी काय होतं, आता काय आहे, मला कशाची भीती वाटतेय आणि तुम्ही लगेच या, असं सरळ बोलायचं.

आणि ते डिस्चार्जचे कागद थांबतात, काही होत नाही त्यांना. फक्त जाताना नातेवाईकांना सांगून जा की एक पेशंट सिरियस आहे, वेळ लागेल. बरेच जण ऐकतात, काही जण तरीही भांडतात, त्यांना भांडू दे.